लेखनिकेचा दर

७ फेब्रुवारी

आयुष्मती सूनबाईस,

ज्याच्या तोंडून हे पत्र तुझ्या कानी पडेल त्याला वगळून, केवळ तुला आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मजकूर तुझा, भाषा आमची आणि अक्षर ज्याचे त्याचे. ते अक्षर मी ओळखतो. त्याची पहिली वळणे मीच बोट धरून गिरवून घेतली होती. दोन वर्षांनी ते या घरात आले, म्हणून तुझ्या सासूबाईंनी पाकीट फोडण्यापूर्वी उलटसुलट करून पाहिले आणि "वेलांट्या अजून तशाच, छपराबाहेर गेलेल्या" एवढेच म्हणून त्या आत गेल्या. हे मी सहज सांगतो आहे. वाचणाऱ्याने येथे थांबण्याचे कारण नाही.

आरंभीच आपल्यातील व्यवस्था स्पष्ट करू. तुला आमची भाषा वाचता येत नाही आणि मला तुझी येत नाही. तेव्हा माझे पत्र तुझ्या नवऱ्याने तुला वाचून दाखवावे व उलगडून सांगावे हे ओघानेच आले. परंतु मी लिहितो आहे ते तुला, त्याला नव्हे. त्याचा उल्लेख मी 'वाचक' असा करीन. वाचकाने एकही ओळ गाळू नये, पदरचे काही घालू नये आणि मध्येच उसासे टाकू नयेत. उसाशांचे भाषांतर होत नाही.

तू विचारतेस, मी रागावलो तरी कशावर? तू लिहिले आहेस की तुमच्या लोकांत लग्नाआधी दोघेजण टेबलाशी समोरासमोर बसतात, पैशाचे बोलणे पुरे करतात आणि मगच हातात हात घेतात. मूल झाले की दोघांपैकी एक घरी राहतो, आणि जो घरी राहील त्याच्या हाती दुसऱ्याने आपल्या कमाईतला ठरलेला वाटा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठेवायचा. वाचकाने या वाट्याला 'घरपगार' असा शब्द योजला आहे. शब्द चांगला आहे, वस्तू नाही. तू लिफ्ट दुरुस्त करतेस, तुझी कमाई मोठी, म्हणून तो शाळेतली शिक्षकी सोडून तुमच्या लेकीपाशी, भिंगरीपाशी, घरी राहिला आणि तुझ्याकडून घरपगार घेऊ लागला. "यात फोन आपटण्यासारखे काय होते?" असा तुझा प्रश्न आहे.

सूनबाई, फोन मी आपटला नाही. फोन वाचकाने ठेवला. मी दोनच वाक्ये बोललो होतो. पहिले असे: "बायकोच्या हातून पैसे घेणारा पुरुष आपल्या घराण्यात आजवर झाला नाही." आणि दुसरे: "माझ्या पैशाने त्या घराचा उंबरा कोणी ओलांडणार नाही." दुसरे वाक्य रागात निघाले, हे मान्य. परंतु आमचा फोन देवघराच्या दाराशी आहे, समोर दिवा तेवत होता, आणि देवासमोर उच्चारलेला शब्द मी आजवर फिरवलेला नाही. फोनची जागा बदलावी असे तुझ्या सासूबाई पुष्कळ वर्षे म्हणत होत्या.

माझा आक्षेप पैशाला नाही. मी आयुष्यभर ज्या ग्रंथांच्या सहवासात राहिलो, त्यांनी मला शिकवले की पती आणि पत्नी ही एका देहाची दोन अर्धे. आता उजव्या हाताने डाव्या हाताला मजुरी द्यावी काय? आमच्या घरात नवराबायकोत पैशाचे बोलणे कधी झालेच नाही. सासूबाई मागतात, मी देतो. चव्वेचाळीस वर्षांत त्यासाठी टेबल लागले नाही.

[लेखनिकेची टीप: 'मागतात' हे खरे. 'देतो' याच्या आधी 'कशाला हवेत ते विचारून' हे शब्द राहिले आहेत. मी प्रत उतरवते, मजकूर बदलत नाही, म्हणून टीप.]

वरील टिपेचा खुलासा करणे आले. माझे हस्ताक्षर कोणालाही लागत नाही. दुसऱ्या दिवशी मलाही लागत नाही. म्हणून माझी प्रवचने, माझे ग्रंथ, माझी पत्रे, सारे काही सासूबाई स्वच्छ अक्षरात उतरवून काढतात. खिडकीशी त्यांचे मेज आहे. ओली पाने त्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घालतात आणि मला त्या खुर्चीवर टेकू देत नाहीत. छापखान्यात गेलेला माझा प्रत्येक शब्द त्यांच्या हातून गेला आहे. हेही पत्र जाईल. टिपा देण्याची सवय मात्र नवी आहे आणि ती तुझ्या पत्राने लागली.

कारण तुझ्या पत्राचा शेवट मी मोठ्याने वाचला. तू विचारले होतेस: "सासूबाईंना घरपगार किती मिळतो?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "काय विचारलेन्? पुन्हा वाचा."

भिंगरीला गोड पापा. तो वाचकाने माझ्या वतीने द्यावा. एवढे तरी तो करील.

तुझा,
सासरा


२ मार्च

आयुष्मती सूनबाईस आशीर्वाद, आणि मागोमाग थोडी तक्रार.

तुझ्या उत्तराने मला आधी संताप आला, नंतर हसू आले. 'सासूबाईंना घरपगार मिळत नाही' हे ऐकून तू असा निष्कर्ष काढलास की माझी परिस्थिती ओढगस्तीची असावी आणि बायकोला देण्यापुरतेही माझ्यापाशी उरत नसावे! आणि मग इतक्या नाजूकपणे लिहिलेस की, "अडचण असेल तर लाजू नका, काही महिने मी पाठवीन, जमेल तेव्हा परत करा." सूनबाई, मला निवृत्तिवेतन आहे, गुरुवारच्या प्रवचनाचे मानधन आहे आणि हे घर माझे आहे. तुझे मन मोठे आहे, माझी गरज मोठी नाही. तरीही सांगतो, एवढ्या आपुलकीने माझा अपमान आजवर कोणी केला नव्हता.

या गैरसमजाची मी सासूबाईंपाशी थट्टा केली. "बघ, सुनेला वाटते आपण कंगाल आहोत."

"आपण नाही," त्या म्हणाल्या. "तिला मी कंगाल वाटले. आणि हिशेब तिचा बरोबर आहे."

"तुला कधी काही कमी पडले का?"

"नाही पडले. पण माझ्या हातात काही होते का, ते सांगा. मी एकटीने, तुम्हाला न सांगता, एखादी वस्तू घेतली असेल तर दाखवा."

मी घरभर नजर फिरवली. दाखवण्याजोगे काही सापडले नाही. मग त्यांनी हात पुसले, माझ्यासमोरची खुर्ची ओढून घेतली आणि बसल्या. आमचे टेबल लागले ते असे, सूनबाई, लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

"स्वयंपाकाचे मी काही मागत नाही," त्या म्हणाल्या. "तो मीही जेवते. केरवाऱ्याचे मागत नाही, या घरात मीही राहते. पण तुमची प्रवचने मी जेवत नाही."

"ऐकतेस तरी!"

"ऐकत नाही. उतरवते. तेव्हा उतरवण्याचे द्या. पानामागे."

त्या आधीच कोपऱ्यावरच्या टंकलेखकाकडे जाऊन आल्या होत्या. जिन्याखाली बसून लोकांचे अर्ज टंकून देणारा तो गृहस्थ पानामागे घेतो त्याच्या दुप्पट त्यांनी मागितले. मी विचारले, दुप्पट का? "त्याला तुमच्या अक्षराचा एक कागद दाखवला. म्हणाला, 'बाई, हे तिप्पट दिलेत तरी मी घेणार नाही.' म्हणजे मी एक पट सोडलीच."

मागील सर्व ग्रंथांची बाकी त्यांनी उदारपणे माफ केली. पुढचे मात्र रोख, पहिल्या तारखेला. आणि एक अट: त्या पैशाचे काय केले, हे मी विचारायचे नाही. मी कबूल झालो. का झालो, ते मला नीट सांगता येणार नाही. तर्काने मी हरलो नव्हतो. परंतु त्या ज्या तऱ्हेने पाठ ताठ ठेवून समोर बसल्या होत्या, तसे बसलेले मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिले होते, त्या मला पाहायला आल्या तेव्हा. वाचकाला यात चूक वाटेल. ती चूक नाही. आमच्या लग्नात पाहायला मी गेलो, पण पाहिले त्यांनीच.

[लेखनिकेची टीप: हे पान पुन्हा उतरवावे लागले. पहिल्यावर पाणी सांडले. दोन्हींचे पैसे लावले आहेत.]

तुझा,
सासरा


१९ मे

आयुष्मती सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्या कामाविषयी तू जे लिहिलेस ते मी तीनदा वाचले. लिफ्टचा पाळणा माणसांना घेऊन वर जातो तेव्हा भिंतीआड एक लोखंडी वजन खाली उतरत असते, आणि त्याचा भार पाळण्याला तोलून धरतो म्हणून मोटारीला फारसे श्रम पडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हते. मी आजवर मोटारच सारे ओढते असे समजत होतो. "ते वजन कोणाला दिसत नाही, पण आम्ही पहिली तपासणी त्याचीच करतो," असे तू लिहिलेस. त्यात टोमणा नव्हता हे मी जाणतो. सासूबाईंनी मात्र ते वाक्य आपल्या मेजासमोर चिकटवले आहे.

आता एक शास्त्रीय अडचण उभी राहिली आहे आणि ती तुझ्यापुढे मांडतो. आमच्या जुन्या धर्मग्रंथांनी स्त्रीच्या धनाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. लग्नाच्या अग्नीसमोर तिला मिळाले ते तिचे. माहेरून आले ते तिचे. नवऱ्याने प्रीतीने दिले तेही तिचे, आणि त्याला हात लावणारा नवरा दोषी. हे मी गुरुवारच्या सभेत अनेकदा अभिमानाने सांगत आलो. परंतु त्याच परंपरेत एक जुने मत असेही आहे की स्त्रीने स्वतःच्या कसबावर जे मिळवले त्यावर ताबा नवऱ्याचा. म्हणजे सासूबाईंचा पानामागचा पगार फिरून माझाच! मी अस्वस्थ झालो. त्यावर तोड शोधली आणि त्यांना सांगितली.

"हे बघ, हे पैसे मी तुला मजुरी म्हणून दिलेच नाहीत असे धर. प्रीतीने दिले. म्हणजे शास्त्राप्रमाणे ते निखालस तुझे."

"प्रीतीचे नकोत."

"का?"

"प्रीतीचे मागता येत नाही," त्या म्हणाल्या. "पगार मागता येतो. एक तारीख उलटली की हात पुढे करून 'द्या' म्हणता येते. प्रीती द्यायला विसरलात तर कोणत्या तोंडाने मागू? प्रीतीची तुम्ही वेगळी सोय करा. ती मी दरात धरलेली नाही."

सूनबाई, मी अनेक विद्वानांशी वाद केले आहेत. जिंकलो, हरलो, पण वाद अर्ध्यावर सोडून चपला घालून फिरायला बाहेर पडलो असा हा पहिलाच प्रसंग.

चार गुरुवार मी हा विषय टाळला. पाचव्या गुरुवारी सभेत उभा राहिलो आणि ते जुने मत मांडून म्हणालो, "हे मत मी आजवर वाचत आलो. आज मी ते मानत नाही. जिने कसबाने मिळवले, तिचे ते तिचेच. माझ्या घरात तरी ते तसेच राहील, आणि ते मी या दिव्यासमोर सांगतो आहे." पुढच्या रांगेत बसणारे निवृत्त न्यायाधीश पाय आखडून उठले. "शास्त्रीबुवा, हे तुमच्या घरापुरते ठेवा. मागे बायका बसल्या आहेत."

मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले, "बसल्या आहेत म्हणूनच सांगताहेत, साहेब."

न्यायाधीशांच्या पत्नी होत्या त्या. प्रसादासाठी सगळे थांबले. न्यायाधीश थांबले नाहीत.

हे सारे मी तुला का सांगतो? तुझ्या एका प्रश्नाने या घरात काय काय हलले ते तुला कळावे म्हणून. वाचकाला कळले तरी माझी हरकत नाही.

तुझा,
सासरा


२३ ऑगस्ट

आयुष्मती सूनबाईस आशीर्वाद.

गेल्या पत्रात वाचकाने तुझ्या मजकुराखाली स्वतःची एक ओळ घातली: "आईचा गुडघा कसा आहे?" नियमभंग झाला, परंतु प्रश्न मला उद्देशून नसल्यामुळे दुर्लक्ष करतो. गुडघा ठीक आहे, असे लेखनिका कळवतात.

परवा समोरच्या शिंप्याने मला रस्त्यात अडवले. गळ्यात टेप, दातांत दोरा. "शास्त्रीबुवा, वहिनी कोणत्या थंड मुलखात निघाल्यात हो? एवढ्या जाड कापडाचा कोट या गावात मी पहिल्यांदाच शिवतोय." मी म्हणालो, "ज्यांनी माप दिले त्यांना विचारा." आणि चालू लागलो. वळणापाशी पोहोचेपर्यंत मला सगळे उमगले होते.

तुमचा मुलूख थंड आहे, हे तूच लिहिले होतेस.

सासूबाईंनी आपल्या नातीला अद्याप मांडीवर घेतलेले नाही. दोन वर्षांत त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत की आपण जाऊ या. कसे म्हणतील? माझ्या पैशाने तो उंबरा कोणी ओलांडणार नाही, हे मी दिव्यासमोर बोललो होतो, आणि या घरात माझ्याखेरीज कोणाचे पैसेच नव्हते. माझ्या शब्दाला त्यांनी धक्का लावला नाही. त्या शब्दात जी एक बारीक फट होती, तिच्यातून वाट काढली, पानापानाने. मी ग्रंथांतील फटी शोधण्यात आयुष्य घालवले आणि ही मला दिसली नाही.

मी काहीही विचारलेले नाही. न विचारण्याची अट आहे. मात्र घरी आल्यावर मी मेजाशी बसलो आणि जो भाष्यग्रंथ मी सात-आठ वर्षे लांबणीवर टाकत होतो त्याला हात घातला. तो मोठा होणार आहे. शिवाय मी असे सुचवले की जोडाक्षरांनी भरलेल्या पानांना दर थोडा अधिक असावा, कारण हात दुखतो. लेखनिकेने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि "चालेल" म्हणाल्या. तेव्हापासून माझी शैली पुष्कळच जड झाली आहे.

पत्रेही थोडी लांबवावी असे वाटते. तेव्हा आता मी खिडकीचे वर्णन करतो. खिडकीला दोन झडपा आहेत. उजवी झडप पावसाळ्यात फुगते व लागत नाही. डावी लागते, पण मग उजवी लागत नाही याचे वाईट वाटते. खिडकीबाहेर शिंप्याचे दुकान आहे. त्याच्या फळीवर सध्या एक करड्या रंगाचे कापड आहे, आणि ते इतके जाड आहे की सुई त्यातून आरपार जाताना तो दर टाक्याला तोंड वेंगाडतो...

[लेखनिकेची टीप: खिडकीचे वर्णन एकंदर चार पाने आहे. मी ती सर्व उतरवली आहेत, तरी वाचकाने सूनबाईला सगळी ऐकवू नयेत, ती दमून आलेली असते. आणि शिंप्याचे तोंड कोटाआधी शिवायला हवे होते.]

तुझा,
सासरा


१६ नोव्हेंबर

आयुष्मती सूनबाईस आशीर्वाद.

तुझ्या पत्रातली पहिली ओळ या वेळी वेगळ्याच अक्षरात होती. मोठी, डगमगती, प्रत्येक अक्षर जणू शिडी चढताना थांबलेले: "सासूबाई कोट जाड घ्या." तू आमची अक्षरे शिकते आहेस! भिंगरीच्या पाटीवर, तिच्याबरोबर, असे वाचक लिहितो. सासूबाईंनी ती ओळ बोटाने वाचली. मी म्हणालो, "'जा'चा काना जरा वाकडा आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा सरळ आहे."

आज मी जे लिहितो आहे ते लेखनिकाच उतरवणार, हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. समोर बसून मला ते बोलता येत नाही.

एका प्रवासाला किती पैसे लागतात, याची चौकशी मी गेल्या महिन्यात तिकीट कचेरीत करून आलो. केवळ ज्ञानासाठी. माझ्या हिशेबाने तेवढी पाने तेव्हाच पुरी झाली होती. मी वाट पाहिली. सासूबाई उलट म्हणाल्या, "भाष्याचा तिसरा खंडही होऊ द्या." काल पुन्हा कचेरीवरून गेलो तेव्हा आतला कारकून हाक मारून म्हणाला, "आजोबा, तुमच्या मंडळी येऊन गेल्या. दोन तिकिटांचे विचारत होत्या."

दोन. मग मला त्यांच्या धाकट्या बहिणीची आठवण झाली. माझी मेहुणी विधवा आहे, फिरण्याची हौशी आहे, आणि दोघी बहिणींनी लहानपणापासून एकत्र कुठे जायचे ठरवले आणि गेल्या नाहीत, याची यादी मोठी आहे. योग्यच आहे. गुडघा दुखणाऱ्या बाईने एवढ्या लांब एकटीने जाऊ नये. सोबत हवी.

सूनबाई, त्या आल्या की तुझ्या घरी त्यांना हवे तितके दिवस ठेवून घे. त्या पहाटे उठतात. तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलू नये, बोलल्यास उत्तर मिळत नाही. त्यांना उजेडाकडे तोंड करून बसायला आवडते. तुझी लिफ्ट त्यांना दाखव. ते भिंतीआडचे वजनही दाखव. आणि माझी काळजी कोणी करू नये. मला चहा करता येतो. शिंप्याची बायको डबा देईल. मी शब्दाने बांधलेला आहे आणि बांधलेल्या माणसाने आपल्या दोरीविषयी तक्रार करू नये. फक्त एवढेच की खिडकीशी ती खुर्ची रिकामी दिसेल. तिच्यावर आता मला टेकता येईल, हा फायदा मी विचारात घेतला आहे. तो पुरेसा वाटत नाही.

तुझा,
सासरा

[लेखनिकेची टीप: हे शेवटचे पान उतरवताना मी दोनदा उठले. या पानाचे पैसे लावलेले नाहीत.]


११ जानेवारी

चिरंजीवास,

हे पत्र तुला आहे. सूनबाईला नव्हे, वाचकाला नव्हे. अक्षर माझे आहे. लेखनिकेने हे उतरवण्यास नकार दिला. "याचे मी घेणार नाही आणि करणारही नाही. हे तुमचे तुम्ही लिहा." म्हणून लिहितो आहे. तुला लागेल तेवढे वाच.

काल दुपारी मी मेजाशी गेलो तर काचेच्या वजनाखाली दोन तिकिटे होती. तुझी आई पाने वाळत घालत होती.

मी म्हणालो, "बहिणीला कळवलेस का?"

"कशाला?"

"दुसरे तिकीट तिचे ना?"

"नाव वाचा."

मी वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"मी येऊ शकत नाही," मी म्हणालो. "तुला माहीत आहे. दिव्यासमोर बोललो आहे."

"काय बोललात?"

"त्या घरी जाणार नाही म्हणून."

"नाही." तिने पहिल्या पत्राची प्रत काढली. माझ्या प्रत्येक मजकुराची ती एक प्रत ठेवते. ती ओळ तिने बोटाखाली धरली. "'माझ्या पैशाने त्या घराचा उंबरा कोणी ओलांडणार नाही.' हे तुमचे वाक्य. मी अक्षर न् अक्षर उतरवले आहे. आता सांगा, ही तिकिटे कोणाच्या पैशाची?"

"तुझ्या."

"हे पैसे माझे, असे कोणी ठरवले?"

"मी. भरसभेत."

"कशासमोर?"

"दिव्यासमोर."

"मग? दोन्ही शब्द पाळायचे असतील तर दुसरी वाट आहे का, ते तुमच्या ग्रंथांत बघून सांगा. मी थांबते."

मी ग्रंथांत पाहिले नाही. खुर्चीवर बसलो, ओल्या पानांनाच टेकून बसलो, आणि ती रागावली नाही.

थोड्या वेळाने मी तिला विचारले, "मी बायकोच्या पैशाने प्रवास करू? या वयात? लोक काय म्हणतील ते जाऊ दे. मला स्वतःला कसे वाटेल?"

ती म्हणाली, "ते मला काय ठाऊक? तुमच्या मुलाला विचारा. त्याला सवय आहे."

म्हणून हे पत्र.

बायकोच्या हातून पैसे घेणारा पुरुष आपल्या घराण्यात आजवर झाला नाही, असे मी तुला म्हणालो होतो. आता दोन झाले. या वाटेवर तू माझ्यापुढे आहेस आणि अनुभवाने वडील आहेस, तेव्हा संकोच न करता विचारतो. पहिल्या तारखेला ती तुझ्यापुढे पैसे धरते तेव्हा तू हात आधी पुढे करतोस की तिने धरेपर्यंत थांबतोस? त्या वेळी काही बोलायचे असते का? 'कशाला हवेत' असे ती तुला विचारत नाही, हे मी ऐकले आहे. मग आपण होऊन सांगायचे असते की नसते? आणि मान वर ठेवता येते का? तुझ्या आईला मी दर महिन्याला पैसे देत होतो तेव्हा तिची मान वर असे. मी पाहिले आहे. मला ते शिकायचे आहे, आणि शिकवायला तूच आहेस. तुला अक्षरे मी शिकवली. हे तू शिकव.

विमानात खिडकीची जागा तिने स्वतःसाठी घेतली आहे. मी मधल्या जागेवर. उजवीकडे कोण असेल ते ठाऊक नाही. शिंप्याकडे माझेही माप गेले आहे. कापड तेच, करडे. पैसे तिने दिले.

भिंगरीला सांग की आजोबांचे अक्षर वाईट आहे, पण ते गोष्टी तोंडाने सांगतात. सूनबाईला सांग की तिचे 'जाड' हे मी पहिल्यापासूनच बरोबर वाचले होते.

हे पत्र तुला लागले नाही तर चिंता करू नकोस. जपून ठेव. मी येतो आहे. समोर बसून वाचून दाखवीन. मलाही लागले नाही तर तुझी आई सोबत आहेच. दर ती सांगेल.

तुझा,
अप्पा